माऊसचं कपाळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा गाढवपणा आठवला की मला अजून रडू येतं.

आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. द्वारका चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत गेमची स्पर्धा होती आणि सहावीतल्या माझ्या सईनं आपणहून नाव दिलं होतं! गॅदरिंगला स्टेजवर पुतळा झालेली, नंतर वर्षभर वर्गात हजेरीपलीकडे तोंड न उघडलेली माझी सई! परत तसंच झालं तर? घाबरटपणा माझ्याकडूनच गेलाय, तिच्या बाबांवर ढकलायचीही सोय नाही.

निघताना मी वणीच्या देवीच्या अंगाऱ्याची पुडी काढली.

"आई, कपाळाला नको हं. सगळे हसतील!"

बरं, नको. पण मी गप्प बसणारी आहे का? कॅफेत मुलं काउंटरवर नावं सांगायला गेली, तशी मी तिला दिलेल्या कॉम्प्युटरच्या माऊसकडे वळले. आता माऊसचं कपाळ कुठं शोधायचं? उलटा केला. पोटात रबरी गोळी दिसली. हेच असणार! गोळीभोवतीच्या फटीत अख्खी पुडी रिकामी केली.

खेळ बंदुकीचा, माऊस फिरवला की शिपाई वळायचा. सुरुवातीला सई झकास खेळली. मग तिचा शिपाई जो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, तो राहिलाच! मागून गोळ्यांचा पाऊस, हा ढिम्म.

"अगं वळव ना!" शेजारची पोरं ओरडली.

"वळतच नाहीये!"

"घाबरू नकोस! श्वास घे! हात सैल सोड!" ही मी. मी जितका धीर देत होते, तितकी ती पांढरी पडत होती.

हरली. हात मांडीवर ठेवून पुटपुटली, "परत गोठले मी. माझं नेहमी असंच होणार."



तेवढ्यात कॅफेवाल्यानं माऊस उघडून टेबलावर झटकला. राखच राख!

"काकू, कुणी विडी विझवली का यात?"

गप्प राहता आलं असतं हो. पण शेजारी पोरगी स्वतःलाच खात बसली होती.

"अंगारा आहे," मी म्हणाले. "मीच घातला."

जो काही हशा पिकला! मला वाटलं, सई आता भोकाड पसरणार. ती मात्र स्वतःची बोटं हलवून बघत होती.

"म्हणजे माझे हात गोठलेच नव्हते?"

"नाही गं, राणी."

तिनं खुर्ची पुढे ओढली.

"दादा, दुसरा माऊस द्या. आणि आईला बाहेर बसवा."