फळीवरची झोप

चाळिशी उलटल्यावर पुन्हा बाकावर बसायचं जिवावर आलं होतं. पण आमच्या इस्पितळाने ठरवलं, की रुग्णवाहिकेवरच्या जुन्या लोकांनी पुढचं प्रशिक्षण घ्यायचं, आणि त्यात माझी वर्णी लागली. इतकी वर्षं आम्ही रक्त थांबवायचो, ऑक्सिजन लावायचो, मोडलेलं हाड बांधायचो आणि गाडी पळवायचो. आता श्वासनलिकेत नळी घालायची, ईसीजी काढून तो वाचायचा, धावत्या गाडीत शिरेतून औषध द्यायचं, हे सगळं शिकायचं होतं. सकाळची ड्युटी संपली की भायखळ्याहून बसने परळ, दुपारभर वर्ग आणि मग लालबागला घरी. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. त्यांना कूस बदलून द्यायची, भरवायचं, आणि मग पुस्तक उघडून त्याच पानावर डोकं टेकायचं.

वर्गातली बरीच मुलं माझ्या निम्म्या वयाची. मी रबरी पुतळ्याच्या घशात नळी घातली की ती हटकून अन्ननलिकेत जायची आणि छातीऐवजी त्याचं पोट फुगायचं. शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडम कधी रागावल्या नाहीत. त्या फक्त म्हणायच्या, "पुन्हा." दिवस कलल्यावर तो शब्द ऐकला की मला रडूच यायचं.

एका दुपारी जिन्याचा सराव होता. अपघातातल्या माणसाला फळीवर बांधून जिन्यावरून खाली आणायचं होतं. पेशंट कोण होणार, असं मॅडमनी विचारताच मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. पेशंटला आडवं व्हायला मिळणार होतं. मानेला कॉलर लावली, कपाळावर, छातीवर, पायांवर पट्टे आवळले. एवढं आठवतं. पुढे मला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा मी तिरकी होते. मान हलेना, हात सुटेनात. डोळ्यांसमोर छत सरकत होतं आणि कडेने नुसत्या हनुवट्या दिसत होत्या. "तुझी बाजू खाली घे." "अरे, पकड सुटतेय माझी." मी कुठे आहे, हेच कळेना. वाटलं, मलाच काहीतरी झालंय आणि मला कुठेतरी नेतायत. कसाबसा आवाज फुटला, "मला कुठे नेताय?"

पोरं हसली. त्यांना वाटलं, ताई छान नाटक करतायत. मग कुणाला तरी माझ्या डोळ्यांतलं पाणी दिसलं. मॅडमनी फळी खाली ठेवायला लावली, पट्टे स्वतः सोडले, चहा मागवला. मी जरा सावरल्यावर त्यांनी विचारलं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली?

मी म्हटलं, "सगळे माझ्याबद्दल बोलत होते. माझ्याशी कुणीच नाही."

मॅडमनी उरलेल्या प्रत्येकाला आळीपाळीने फळीवर बांधायला लावलं, आणि उचलणाऱ्यांनी पेशंटशी बोलत उतरायचं असं सांगितलं. मला मागच्या बाकावर झोपू दिलं. वर्ग संपेपर्यंत कुणी उठवलं नाही.

पुढच्या आठवड्यात सकाळीच गिरगावातून फोन आला. चाळीच्या वरच्या मजल्यावर एक आजी, छातीत कळा, घामाने पातळ चिंब. मी पलंगावरच ईसीजी काढला. रेघ जिथे वर उचललेली असू नये तिथे ती उचललेली होती, म्हणजे हार्ट अटॅकच. मोबाइलवरून त्याचा फोटो इस्पितळात पाठवला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्यायला सांगितली आणि तिकडे तयारी सुरू केली. तो जिना वळणावर इतका चिंचोळा होता की स्ट्रेचर वळणं शक्य नव्हतं. आजींना खुर्चीत बसवून पट्टा लावला. गाडीवरचा माझा जोडीदार वरून, मी खालून. मी त्यांना सांगत होते, आजी, आता वळण आहे, आता जरा मागे कलाल, घाबरू नका, धरलंय आम्ही.

मधल्या मजल्यावर त्यांनी डोळे उघडले. "किती बोलतेस गं," त्या म्हणाल्या. "जरा गप्प राहा. दम लागलाय मला."

जोडीदार वर खुदकन हसला. मी गप्प झाले. पण आजींनी माझी बाही मुठीत धरली होती, ती गाडीत चढवेपर्यंत सोडली नाही.

इस्पितळाच्या दारात माणसं उभीच होती. आजींच्या हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी त्याच सकाळी उघडली. दोन दिवसांनी मी वॉर्डात डोकावले तर आजी झोपल्या होत्या. उशाशी सून बसली होती. मी कोण, ते कळल्यावर तिने माझ्या हातात एक मोसंबं ठेवलं. ते खायच्या निमित्ताने तरी मला जरा बसावंसं वाटत होतं.

परीक्षेत नळी दुसऱ्या खेपेला बरोबर गेली. पुतळ्याची छाती वर आली, मॅडम म्हणाल्या, "जमलं." आनंद व्हायला हवा होता. मला फक्त कळलं की आता जास्त साधनांची मोठी गाडी मिळणार, म्हणजे जास्त गंभीर पेशंट मिळणार.

घरी सासऱ्यांनी पडल्या पडल्या विचारलं, "संपली काय गो शाळा?"

"संपली, बाबा."

"मग बस जरा," ते म्हणाले, आणि जागा करायला पाय आखडून घेऊ लागले. ते त्यांना एकट्याने जमत नव्हतं. मी त्यांचे पाय उचलले, तिथे बसले आणि ते मांडीवर घेतले.