फुंकर न मारलेली कोंबडी

आमच्या बाबांना कोंबडी आणायला पाठवणं म्हणजे रविवारची वाट लावून घेणं. सकाळी आठला कापडी पिशवी घेऊन निघायचे ते साडेदहापर्यंत पत्ता नाही. मुलुंड स्टेशनजवळच्या कोंबडीवाल्याकडे एकेक कोंबडी उचलायची, पिसांत फुंकर मारून कातडी बघायची, छातीचं हाड दाबायचं, परत ठेवायची, मग भांडायचं. आणि एवढं करून ती गावठी कोंबडी शिजता शिजायची नाही. सहा दिवस ऑफिसात टाइपरायटर बडवून मला एक सुट्टी मिळणार, आणि जेवायला तीन वाजणार!

मी करवादले की आई म्हणायची, "करूंदेत गो. गिरणी बंद झाली, घर तुझ्या पगारावर चालता. त्यांच्याकडे ह्या एकच काम रव्हलाहा."

वर ती कलेजी. लहानपणापासून बाबा टोपात पळी फिरवून कलेजी हुडकायचे आणि माझ्या ताटात टाकायचे. "खा, चेडवा. रक्त वाढता." मला कलेजी अजिबात आवडत नाही. वीस वर्षं मी ती पाण्याबरोबर गिळत आले. सांगायची सोय होती का?

एका रविवारी बाबांना ताप होता, तरी पिशवी घेऊन उठले. मी म्हटलं, "झोपा गप. मी आणते, तुमच्याच माणसाकडून." त्यावर अर्धा तास शिकवणी. "पिसांत फुंकून बघ. कातडी पिवळी दिसली तरच घे. हाड मऊ लागाक व्हया. आणि गप ऱ्हव नको, भांड!" हो, हो, हो. देवा रे, कोंबडी आणायची होती की नवरा बघायचा होता?

गेले तडक नव्या सुपरमार्केटात. मागच्या बाजूला काचेच्या झाकणाची थंड पेटी होती. त्यात अख्ख्या कोंबड्या, सोललेल्या, प्लास्टिकात बांधलेल्या. एक उचलली. काउंटरवरच्या माणसाने शाकाहारी गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून ती दोन वर्तमानपत्रांत गुंडाळून दिली. दहा मिनिटांत घरी. झकास!

"फुंकर मारलंस?" बाहेरच्या खोलीतून बाबा.

"मारली."

"भांडलंस?"

"खूप."

आईने पुडकं हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला. कोंबडी दगडासारखी गोठलेली. "त्यांका कळला तर?" ती कुजबुजली. मी म्हटलं, "कोण सांगणार आहे?" मोरीत बादलीभर पाण्यात ती बुडवून ठेवली. आई माझ्याकडे पाठ करून खोबरं भाजत बसली. तासाभराने मी कोंबडीच्या पोटात हात घातला तर आत आणखी एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात काहीतरी काळपट लाल. शी! दुकानवाल्यांनी आतली घाणही काढली नाही, असं म्हणत ती कचऱ्याच्या डब्यात फेकली. थोड्या वेळाने कचरेवाली डबा रिकामा करून गेली.

साडेबाराला जेवायला बसलो. बाबांनी एक तुकडा चाखला. "आज बेगीन शिजली."

"कोवळी होती," आई पटकन म्हणाली.

"माझ्या चेडवान निवडून आणल्यान," बाबा म्हणाले. तापातही तोंडावर हसू. मी वडा मोडत खाली बघत राहिले.

मग नेहमीप्रमाणे टोप पुढे ओढला आणि पळी फिरवायला लागले. एकदा. दोनदा. तळातून, कडेने, रस्सा निथळून. "कलेजी खंय गेली?"

आईने माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, त्या पिशवीत काय होतं ते. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "सुपरमार्केटातली आहे," मी म्हटलं. "पोटात पिशवी होती. घाण समजून मी टाकली."

"कोंबडेच्या पोटात पिशवी?"

"हो."

ते ओरडतील म्हणून मी कंबर कसून बसले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझी उत्तरं तयार होती: माझा रविवार, माझी भूक, माझा पगार. पण ते ओरडले नाहीत. माझ्या ताटाकडे बघत रिकामी पळी हातात धरून बसले.

"मगे आता तुका काय वाढू?" ते म्हणाले.