मोबाईल काढून घेतला, डोळे नाही दाखवले

मंडळी, आज सकाळी माझ्या धाकट्या भावाच्या, अक्षयच्या, उजव्या डोळ्याचं क्रॉसलिंकिंग झालं. डोळे चोळून चोळून बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ झाला होता आणि नजर कमी होत चालली होती. त्यावर व्हिटॅमिनचे पिवळे थेंब टाकून निळसर प्रकाश सोडतात, मग पडद्यातले प्रथिनांचे धागे एकमेकांना घट्ट धरतात.

डावा डोळा केलाच नाही. "तो पडदा फारच पातळ झालाय, झेपणार नाही. आधी आणायला हवं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आधी? दोन वर्षं तो सारखा डोळे चोळत होता आणि अख्खं हडपसर आम्हाला सांगत होतं, मोबाईल बंद करा. आम्ही मोबाईल काढून घेतला आणि डोळ्यांत गुलाबपाणी घातलं. हुशार माणसं आम्ही!

"मॅडम, पोलीस भरतीला चालेल ना?" अक्षयने विचारलं. रोज पहाटे ग्राउंडवर पळतो तो.

"उजव्याची आहे ती नजर टिकेल. गेलेली परत येत नाही."

तुमच्या घरात कोणी असे डोळे चोळतंय का? त्याला आधी दवाखान्यात न्या, मोबाईलचं नंतर बघा.

संध्याकाळी आईने अक्षयला मोबाईल परत दिला. त्याला सगळं धूसर दिसतंय. त्याने तो माझ्यापुढे धरला.

"ताई, भरतीच्या ग्रुपमधून मला काढ."