पेटीची मागची बाजू

आमच्या दाजींना त्यांच्या गल्लीतले दुकानदार 'अर्धा मिली' म्हणतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हा त्यांचा धंदा. चाळीस वर्षं त्यांनी काच अर्धा मिलिमीटरही इकडची तिकडे होऊ दिली नाही, आणि घरी आल्यावरही तो अर्धा मिली त्यांच्या मानगुटीवरून उतरत नसे. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तर जेवता जेवता उठायचे. मी गाडी शिकवणारा माणूस. शेजारी शिकाऊ, माझा पाय ब्रेकवर आणि जीव टांगणीला. त्यामुळे हातातलं काम उरकावं आणि मोकळं व्हावं, हा माझा स्वभाव. आम्हा दोघांचं जमायचं ते केवळ ताईमुळे.

सुतारकाम हा दाजींचा छंद. मागच्या गॅलरीत एक जुनं टेबल, दोन रंधे, एक करवत आणि गुण्या. एवढ्या सरंजामावर त्यांनी दहा वर्षांत एक स्टूल, चपलांची मांडणी आणि एक ट्रे केला. स्टूल इतकं सरळ होतं की त्यावर बसताना आपणच वाकडे आहोत असं वाटतं, असं ताई म्हणायची.

ताई इस्पितळात टेलिफोनवर कामाला होती. हृदयाची झडप दगा द्यायला लागली तेव्हा डॉक्टरांनी तिला जिने बंद केले. घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे जगच बंद. भाची नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हा आपला व्हिडिओ गेम आईजवळ ठेवून गेली. मी हसलो होतो. पण महिन्याभरात ताईनं त्या खेळात घर बांधलं, शेत केलं, तळ्यात मासे सोडले. "अरे, माझे भोपळे बघायला ये," असे तिचे फोन यायचे. खेळात तिची एक छोटीशी बाई होती, निळा झगा घातलेली. ती टेकडीवर धावत चढायची. "बघ, हिला धाप लागत नाही," ताई एकदाच म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

त्या बाईच्या घरात भिंतीला लागून एक मोठी लाकडी पेटी होती. गोलसर झाकण, लोखंडी पट्ट्या. काहीही टाका, मावायचं. भोपळ्याच्या बिया, शिंपले, जुन्या टोप्या, शिवाय ताईनं लिहिलेल्या चिठ्ठ्या. खेळात चिठ्ठी लिहून ठेवायची सोय होती. काय लिहितेस विचारलं तर म्हणायची, "तुला काय करायचंय?"

"अहो," ती एक दिवस दाजींना म्हणाली, "मला अशी पेटी करून द्या ना. खरीखुरी."

झालं. दाजी स्टीलची पट्टी घेऊन टीव्हीला चिकटले. पडद्यावर बाई चौदा सेंटिमीटर, पेटी साडेपाच. ताईची उंची पाच फूट एक इंच. त्यांनी तिला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यापाशी पेन्सिलीनं रेघ मारली आणि हिशेब मांडला. खेळातल्या बाईच्या मांडीला पेटी जिथं लागते, तिथंच ती ताईच्याही मांडीला लागायला हवी. "सरका हो, मला दिसत नाहीये," ताई ओरडायची. पण खूश होती. माझ्या बहिणीला खूश झालेलं मी ओळखतो.

पाच महिन्यांत पुढची बाजू झाली, दोन्ही कडेच्या झाल्या, झाकणही झालं. ते नुसतंच वर ठेवलेलं असायचं, कारण दाजी ते रोज उतरवून रंधायचे. आणि मग गाडी अडली. खेळातली पेटी भिंतीला लागून, तेव्हा तिची पाठ कशी आहे कुणाला ठाऊक?

"दाजी, एक प्लायवुड ठोका आणि मोकळे व्हा. भिंतीकडेच जाणार ना ती बाजू?"

एका डोळ्याला साधी काच घाला म्हटल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

खेळातली पेटी सरकवायची तर आधी ती पूर्ण रिकामी करावी लागते, असा तिथला नियम. ताई म्हणाली, "तीन वर्षांचा संसार आहे हो त्यात. रविवारी काढते सगळं."

गुरुवारी दुपारी ती दोन घास जेवली, जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. याहून जास्त मला अजूनही लिहिता येत नाही.

सात महिने पेटी पाठीविना बाहेरच्या खोलीत होती. त्या खेळाला दाजींनी कुणाला हात लावू दिला नाही. मग एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "जरा येतोस? ती बटणं मला जमत नाहीत. पाठ बघायचीय."

मी गेलो. खेळ सुरू केला. निळ्या झग्यातली बाई ताईनं सोडली होती तिथंच, दारात उभी. दाजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मी पेटी उघडली आणि एकेक वस्तू अंगणात ठेवू लागलो. बिया, शिंपले, टोप्या. मग चिठ्ठ्या लागल्या. एकूण एकेचाळीस. पहिली उघडली.

'यांनी आज झाकण तिसऱ्यांदा रंधलं. पेटी होईपर्यंत झाकणाचा कागद होणार.'

दाजी हसले. सात महिन्यांत पहिल्यांदा. "दुसरी उघड," म्हणाले.

"दाजी, एकेक वाचत बसलो तर पाठ कधी बघणार? आधी पाठ बघा, मग चहा घेत निवांत वाचू."

हे मी म्हणालो. मीच. चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्या मी न उघडता अंगणात टाकल्या, पेटी सरकवली. पाठीला चार साध्या उभ्या फळ्या होत्या, बाकी काही नाही. दाजी पट्टी लावून मापं घेत राहिले, वहीत आकृती काढत राहिले. पडद्यावर संध्याकाळ झाली, दिवे लागले. आमचं लक्ष नव्हतं. ती बाई जांभई देऊन आपली आपण झोपली, सकाळ झाली आणि अंगण साफ होतं.

बाहेर पडलेल्या वस्तू त्या खेळात रात्रीतून नाहीशा होतात, हे ताईला ठाऊक असणार. आम्हाला नव्हतं. मी भाचीला फोन लावला. तिनं आधी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मामा, सकाळ झाली की खेळ आपोआप सेव्ह होतो. परत नाही येत काही."

दाजींनी वही मिटली. चहा त्यांनीच केला. मला वाटत होतं, या माणसानं निदान एकदा माझ्यावर ओरडावं.

पुढच्या रविवारी गेलो तर पेटीला पाठ लागलेली होती, चार उभ्या फळ्यांची. झाकण बिजागऱ्यांवर हलकं उघडत होतं. आत, पाठीच्या फळीवर, दाजींनी पेन्सिलीनं ताईची ती एकच चिठ्ठी लिहिली होती. शब्दन् शब्द.

मला राहवलं नाही. "दाजी, टाकता टाकता आणखी एक ओझरती वाचली होती मी," म्हणालो. "आत्ता आठवली."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "सांग."

"आज यांनी बिजागऱ्या बसवल्या. झाकण काय सुरेख उघडतं. मी दहा वेळा उघडून पाहिलं."

त्यांनी गुडघ्यावर बसून सावकाश, सारख्या अंतरावर अक्षरं काढत लिहिलं. खाली तारखेला जागा सोडली, पण तारीख घातली नाही. निदान एक तरी परत दिली, असं मी स्वतःला सांगत होतो.

निघताना ते दारापर्यंत आले. दाराच्या चौकटीवर ताईच्या उंचीची रेघ होती, तिच्यावर त्यांचा हात सहज टेकला.

"बिजागऱ्या मी या मंगळवारी बसवल्या रे," ते म्हणाले.

मला तोंड वर करवेना. "मग लिहिलंत कशाला?"

"तू इतका जीव तोडून सांगत होतास." त्यांनी माझ्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली. "तिनं उघडून पाहिलं असतं दहा वेळा, हे मात्र खरं. पुढच्या रविवारी ये. आणखी एखादी आठवली तर सांग."