कॅसेटमधलं रशियन गाणं

वणीहून मारेगावमार्गे पुढे जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची असावी. फोनवर एकच गाणं पुन्हा पुन्हा लावत होती. मी पाहतोय हे कळल्यावर तिनं इअरफोनचं एक टोक पदरानं पुसून मला दिलं. रशियन गाणं होतं. थंड, संथ, मशीनच्या ठेक्यावरचं.

"एआयकडून बनवलं," ती म्हणाली. "त्याले सांगितलं, गाणारा उदास आहे, पण रडत नाही."

तिचे वडील खाणीच्या गेस्ट हाउसवर स्वयंपाक करायचे. तिथं उतरलेल्या एका रशियन इंजिनियरनं तिला लहानपणी या गाण्याची कॅसेट दिली होती. ती केव्हाच तुटली. गाण्याचं नावही तिला माहीत नव्हतं. आठवेल तसं सांगत ती महिनाभर तेच गाणं घडवत होती.

"जमलं की मग," मी म्हणालो.

"काल मलेही तसंच वाटलं. पण सकाळपासून जुनं आठवाले गेली, तं डोक्यात हेच वाजते. ते जुनं गेलं वाटते, भाऊ."

तिनं फोनमधली सगळी गाणी एकेक करून पुसली आणि डोळे मिटून नुसते ओठ हलवत बसली. मारेगाव आलं तेव्हा, जुनं सापडलं का, असं विचारावंसं वाटलं. पण माझ्या आवाजानं तेही विस्कटेल म्हणून मी गुपचूप उतरलो.