साहेबानं ठेवलेली नावं

पाटणच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथं नाथाजी नावाचा गडी होता, त्याच्या चेहऱ्यावरची रेघ कधी हलली नाही. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा समोरच्या बनुबाईला वाटलं, आपण काही या माणसाला पसंत नाही. सासरी येऊन ती महिनाभर रडली. शेवटी सासूनं, अंबूबाईनं, तिची समजूत घातली. "आगं, जलमला तवाबी रडला न्हाई त्यो. सुईणीनं चापट्या मारल्या, तर नुसता बघत ऱ्हायला तिच्याकडं."

बेचाळीस साली नाथाजी पलटणीत भरती झाला. बनुबाईला तेव्हा दिवस गेले होते. पुढं इटलीत त्याची गाठ जवाहरशी पडली. जवाहर सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. इंग्रजी थोडं शिकलेला, म्हणून कोठारावर कारकून. साहेब काय बोलला ते मराठीत सांगायचं काम आपोआप त्याच्या गळ्यात पडलं होतं.

एका सकाळी चहा वाटत असताना तोफेचा गोळा शेजारच्या शेतात पडला. सगळे पालथे झाले. नाथाजीनं मगावर तळहात धरला, उडालेली माती खाली बसू दिली, हात काढला आणि चहा पिऊ लागला. कप्तानसाहेब कपडे झटकत उठला नि नाथाजीच्या मख्ख तोंडाकडं बघून म्हणाला, "डेडपॅन."

"काय म्हनला रं?" नाथाजीनं विचारलं.

जवाहरनं हिशेब मांडला. डेड म्हणजे मेलेला, पॅन म्हणजे तवा. "मेल्याला तवा म्हनला."

"बरं," म्हणून नाथाजी चहाचा मग विसळायला गेला.

त्या दिवसापासून साहेबाला छंदच लागला. पत्त्यांच्या डावात 'पोकर फेस', कवायतीला 'वुडन'. वुडन म्हणजे लाकडी, हे सांगायला जवाहरला काही कष्ट पडले नाहीत. एकदा पलटणीच्या करमणुकीला एक नकलाकार आला. गोरे, देशी सगळे पोट धरून हसले. नाथाजी हसत नाही हे बघून नकलाकार इरेला पेटला. त्याच्यापुढं येऊन डोळे तिरळे केले, कान हलवले, शेवटी खाली डोकं वर पाय करून उभा राहिला. नाथाजीनं त्याची पडलेली टोपी उचलून, झटकून, अदबीनं परत दिली. साहेब म्हणाला, "कोल्ड फिश."

इथं जवाहर अडला. त्या प्राण्याचं नाव जैनाच्या तोंडून निघेना. "गार... पान्यातलं जनावर."

"म्हस?"

"म्हसच समज."

मग गावाकडून खबर आली, अंबूबाई गेली. नाथाजीनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि बूट पुसायला बसला. साहेब आला. टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "स्टोइक."

दुःख मुकाट सोसणाऱ्याला इंग्रजीत वापरतात तो हा शब्द जवाहरला येत नव्हता. पण नाथाजी मघापासून एकच बूट घासत बसलाय, हे त्याला दिसत होतं. बूट आरशासारखा झाला होता, दुसरा तसाच चिखलानं भरलेला.

"स्टो म्हनला तुला," जवाहर म्हणाला. "आत पेटल्याला."

नाथाजीचा हात थांबला. "साहेब शाना हाय गड्या," तो म्हणाला. जवाहरनं दुसरा बूट उचलला आणि त्याच्याशेजारी बसून घासायला लागला.

लढाई संपली, सेहेचाळीस साली नाथाजी घरी आला. अंगणात उभा राहिला. कधी न पाहिलेली लेक, अंजना, आईच्या लुगड्याआडून बघत होती. बनुबाईनं पाण्याचा तांब्या दिला आणि वाट बघितली. तोंड होतं तसंच. तिचा धीर सुटला.

"आवं, आनंद झाला का न्हाई तुमास्नी?"

"झाला की."

"मग आमाला कळायचं कसं?"

नाथाजी विचारात पडला. साहेबापुढं वर्दी कशी द्यायची, एवढं त्याला येत होतं. त्यानं टाचा जुळवल्या, छाती काढली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "नाथाजीला लय आनंद झालाय."

अंजना लुगड्याबाहेर आली. "परत सांगा."

त्यानं परत सांगितलं.

तिथून घरात वर्दीची चालच पडली. "कालवन खारट झालंय, पर राग न्हाई." "खोंड इकल्याचं वाईट वाटतंय." शेजारणींनी ऐकलं आणि आपापल्या नवऱ्यांना म्हणू लागल्या, तुमीबी द्या की वर्दी. त्या पावसाळ्यात गावातले बरेच पुरुष नाथाजीवर खार खाऊन होते.

पुढं एकदा जवाहर बायकोला, पद्मावतीला, घेऊन चार दिवस राहायला आला. तिनं घाबरत बनुबाईला विचारलं, "भावजी रागावलेत का आमच्यावर?"

"न्हाई वो. लय खुशीत हायती. सकाळधरनं दोनदा वर्दी दिली."

बनुबाई पाहुण्यांसाठी दिवस मावळायच्या आत चूल आवरत होती, आणि बाहेर जवाहर अंजनाला मेलेल्या तव्याची गोष्ट सांगत होता. पोर लोळण घेऊन हसत होती. नाथाजी बसून ऐकत होता.

पाहुण्यांना मोटारीवर घालवायला सगळे पाटणला गेले. मोटार सुटली, वळणावर दिसेनाशी झाली, तरी नाथाजी रस्त्यातच उभा. त्यानं वर्दी दिली नाही आणि बनुबाईनं मागितली नाही. मग त्यानं लेकीला खांद्यावर घेतलं आणि तिघं चालत गावाकडं निघाली.