तिची साखळी सापडली नाही

माझं मंगळसूत्र पोलिसांनी शोधून दिलं. शेजारणीची साखळी त्यांना सापडली नाही. आणि तरी जळफळाट झाला तो माझा. हे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे नुसते बघत राहतात, म्हणून हल्ली सांगत नाही. लिहून टाकते.

म्हैसूरला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली, तरी माझं कन्नड अजून भाजीबाजाराच्या पुढे गेलेलं नाही. शेजारीण मात्र इथल्याच जुन्या मराठी घरातली. देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. आम्ही दोघी सकाळी फिरायला जायचो. ती माहेरी गेली होती तेव्हा, मी एकटी असताना, मोटारसायकलवरच्या दोघांनी माझं मंगळसूत्र ओढलं. मी घर धरून बसले, आणि ती परत आल्यावर तिचीही साखळी गेली, त्याच रस्त्यावर.

ठाण्यात जायचं म्हणून नवऱ्याने ऑफिसातला एक कन्नड मित्र सोबत घेतला. आम्हा बाहेरून आलेल्यांची ही रीतच आहे. घरमालक असो की गॅसवाला, कन्नड येणारं कुणीतरी पुढे करायचं आणि आपण मागे उभं राहायचं. मित्र भला माणूस. त्याने सगळं नीट सांगितलं. गळा माझा आणि हकिगत त्याची. मी मध्ये तोंड उघडलं तर हवालदाराने हातानेच मला थांबवलं आणि पुढचं त्यालाच विचारलं. मला वाचता न येणाऱ्या मजकुराखाली मी सही केली आणि आम्ही घरी आलो.

पुढे चोर पकडले गेले. सापडलेले दागिने टेबलावर मांडून मोठ्या साहेबांच्या हस्ते परत देण्याचा कार्यक्रम झाला. फोटो निघाला, त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. मी सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि मंगळसूत्र बँकेत नेऊन ठेवलं.

शेजारीण ठाण्यात एकटी गेली होती. तिची तक्रार एका फौजदारबाईंनी घेतली. ते सांगताना ती नुसती खुलून गेली होती.

"अक्का, मॅडमनी आधी खुर्ची दिली बघा. निधान, सावकाशीनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द नाही. लिहिलेलं परत वाचून दाखवलं, सरी आहे का, बरोबर आहे का विचारलं. मिळेलच म्हणून सांगत नाही म्हणाल्या, ते पण तोंडावरच."

तिची साखळी त्या चोरांकडे निघाली नाही. फौजदारबाईंनी तिला बोलावून घेतलं, काय काय शोधलं आणि तपास आता का थांबवतोय ते समजावून सांगितलं. एवढ्यावर ही बाई ग्रुपवर पोलिसांचं कौतुक लिहून मोकळी.

"साखळी गेली ती गेलीच ना?" मी म्हटलं. "मग पेढे वाट आता."

"एन माडोदु अक्का, काय करायचं," ती हसून म्हणाली, "नाही मिळाली. पण विचारलं तरी त्यांनी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला कन्नड येतं म्हणून, अशी मी मनाची समजूत घातली. पण हेवा तिच्या कन्नडचा नव्हताच. मला त्या खुर्चीचा हेवा वाटत होता. ती लगेच पुन्हा रस्त्यावर फिरायला लागली, गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत घालून. मी गच्चीवर चकरा मारायचे. ती खालून हात करायची, तेव्हा मी वाळत घातलेले कपडे चाचपून बघायचे.

गेल्या महिन्यात तिने मला ओढूनच खाली नेलं. वळणावर एक मोटारसायकल आमच्याजवळ हळू झाली. दोघे होते. बघितलं आणि निघून गेले. गाडीचा नंबर मी पाहिला, तिने नाही. तिने तिथल्या तिथे फौजदारबाईंना फोन लावला. त्यांचा नंबर हिच्या मोबाइलमध्ये आहे, हे बघून पुन्हा पोटात दुखलं. दोन वाक्यं बोलून तिने फोन माझ्या हातात दिला.

मी सवयीने मागे वळून पाहिलं, कुणी बोलणारं आहे का. कुणी नव्हतं.

"मोदलिंद हेळि, अम्मा," पलीकडचा आवाज म्हणाला. सुरुवातीपासून सांगा. एवढं कन्नड मला कळत होतं.

मी सांगायला लागले. मोडकं कन्नड, मध्येच हिंदी, अडलं तिथे मराठी. माझं मंगळसूत्र ओढलं त्या दिवशी मागे बसलेल्याने वळून पाहिलं होतं आणि तो हसला होता, हे सांगितलं. गळ्याला हात लावून मी कितीतरी वेळ रस्त्यातच बसून होते, हेही सांगितलं. नवऱ्यालासुद्धा हे माहीत नाही.

"आजचं सांगा अक्का," शेजारीण माझी बाही ओढत होती, "गाडीचा नंबर सांगा."

फोनवरून कुणी मला थांबवलं नाही. मी शेजारणीकडे पाठ फिरवली आणि बोलत राहिले.